दोघांनाही शेकलं

पियुष गेला तेव्हा मला आठवा महिना होता, आणि घरात त्याचा साप होता. भेटायला येणारी माणसं दारातच थबकायची आणि आधी सापाचंच बोलायची.

“घरात असं जनावर ठेवल्यावर दुसरं काय होईन?”

माझ्या भावाला सापानं काही केलं नव्हतं. पुसद रस्त्यावर सोयाबीनच्या पोत्यांनी भरलेली एक ट्रॉली दिवेलागणीला कडेला उभी होती, मागे ना लाइट, ना लाल फडकं. चोवीस वर्षांचा होता पियुष. पण ट्रॉलीला शिव्या देऊन कोणाचं समाधान होत नाही. साप समोर होता, काचेत, वेटोळं घालून.

तो इकडचा साप नव्हताच. आफ्रिकेतला, बिनविषारी, बॉल पायथन म्हणतात त्याला. पियुषनं तो नागपूरच्या एका माणसाकडून रीतसर घेतला होता, वनखात्याचे ऑनलाइन कागदही केले होते. जेमतेम दोन हात लांब, तपकिरी अंगावर पिवळसर ठिपके. घाबरला की डोकं आत घेऊन गोल वळायचा, म्हणून त्याचं नाव लाडू. आणि राहायचाही मिठाईच्या काउंटरमध्ये. बाजारातलं एक स्वीट मार्ट बंद पडलं, तेव्हा तिथला छोटा काउंटर पियुषनं उचलून आणला होता. तीन बाजूंनी काच, तळाला पत्रा, खाली लोखंडी पाय. पत्र्याच्या अर्ध्या भागाला खालून गरम होणारी चटई चिकटवलेली, आणि तिची उष्णता राखणारा एक डबीएवढा थर्मोस्टॅट.

मयताच्या दिवशी सुरतहून मामा यायचे होते, म्हणून फ्रीजर आणला. त्याला प्लग हवा होता. कोणीतरी लाडूचा काढला. तो परत लावायचं कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या विधीला माणसं बसवायची म्हणून काउंटर मागच्या खोलीत सरकवला, त्यात वायर तुटली. ऑक्टोबरच्या उन्हात त्याचं निभलं. मी पाणी बदलत राहिले, तेवढंच. आम्हाला आमचंच सुचत नव्हतं.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मला मुलगी झाली. तिला घेऊन दवाखान्यातून माहेरी आले त्याच्या चौथ्या दिवशी थंडी पडली, आणि सकाळी मी मागच्या खोलीत डोकावले. लाडू वळून बसला नव्हता. सरळ पडला होता, दोरी टाकावी तसा. काचेवर टिचकी मारली, तर फार वेळानं जीभ बाहेर आली आणि अर्धीच परत गेली.

पियुषची गाडी भंगारात गेली होती. मोबाइलचा चुरा झाला होता. कपडे आईनं तिसऱ्याच दिवशी वाटून टाकले, तिला ते दोरीवर बघवत नव्हते. त्याच्या हातचं श्वास घेणारं एवढंच उरलं होतं. पियुषचा मित्र राजदीप यवतमाळला साप पकडून जंगलात सोडायचं काम करतो, त्याला मी फोन केला.

“जयभीम ताई. मी नेतो त्याले, पण आता नाही. या थंडीत गाडीवर नेला तर रस्त्यातच जाईल. मार्च लागू द्या. तोवर तुम्ही फक्त ऊब सांभाळा. खाल्लं नाही तरी चालते त्याले, दोन-तीन महिने काही होत नाही. ऊब पायजे.”

मार्चपर्यंत. दिवस मोजले तर ऐंशी-पंच्याऐंशी. मी ठरवलं, एवढं मी करणार.

कसं करायचं ते पियुषनंच मला सांगून ठेवलं होतं. मागच्या वर्षी काउंटर तयार केला तेव्हा कौतुकानं त्यानं मला पुसदला व्हॉइस मेसेज पाठवले होते, एकूण सतरा. तेव्हा मी दोनच ऐकले होते. सासरी स्वयंपाकघरात कोण सापाचं ऐकत बसणार. आता लेकीला पाजताना कानाला लावून सगळे ऐकले.

“ताई, आयक. याच्या अंगात आपल्यासारखी गरमी बनत नाही. बाहेरून घ्या लागते. म्हणून एका बाजूनं एकतीस-बत्तीस डिग्री, दुसऱ्या बाजूनं पंचवीस-सव्वीस. तो मंधात फिरते. गरम झालं का इकडे, थंड झालं का तिकडे. आपून नाही ठरवाचं, त्यानं ठरवाचं. आन् लपाची जागा दोन्हीकडे पायजे. एकाच बाजूनं देली तर हा भित्रा तिथूनच हलणार नाही, भाजला तरी. त्याच्या पोटाले चटका लवकर समजत नाही ना.”

नवी चटई आणि थर्मोस्टॅट मी मोबाइलवरून मागवले. माझे मिस्टर प्रेम शनिवारी लेकीला बघायला आले, तेव्हा त्यांच्याकडून पत्रा पुसून घेतला, चटई चिकटवून घेतली. तीन काचांना बाहेरून थर्माकोल लावला. आत नारळाचा भुसा पसरला. एक माठ फोडून त्याची दोन अर्धुकं पालथी घातली, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. वर गोधडी, पण कोपऱ्यात चार बोटं फट ठेवून.

आई दारातून बघत होती. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. माझ्या बाळंतपणासाठी तिनं रजा घेतली होती. बाबा मी दहावीत असतानाच गेले. पियुषनंतर त्या खोलीत तिनं पाय टाकला नव्हता.

“तू बाळंतीण हायेस का वायरमन?” ती म्हणाली. “सव्वा महिना झाला नाही आन् फरशीवर बसून राह्यली. वारं धरलं म्हणजे मंग जलमभर कंबर धरून बस.”

“झालंच आई, एक स्क्रू राह्यला.”

“तुह्या लेकीच्या अंगावर एक दुपटं धड नाही, आन् त्याच्यावर म्या शिवलेली गोधडी.”

“पियुषची होती ती.”

ती निघून गेली.

दोन दिवसांनी लाडू गरम बाजूच्या खापराखालून बाहेर आला, पाण्याच्या वाटीपर्यंत गेला, आणि रात्रीतून पलीकडच्या खापराखाली जाऊन बसला. सकाळी ते पाहून मी तिथेच ओच्यात तोंड घालून रडले. जिवंत गोष्ट जागा बदलते, एवढंच तर होतं.

लेकीला मालिश करायला बिजलीबाई यायच्या, जवळच्या तांड्यावरून. साठीच्या, हातात कोपरापर्यंत बांगड्या, आणि तोंडाला कुलूप नाही. पायावर पोरीला पालथी घेऊन तेल चोळता चोळता त्या मागच्या खोलीकडे मानेनं खुणवायच्या.

“काय वं कांताबाई, तुह्या घरी बाळंतिणी दोन झाल्या म्हंते. एक इथं, एक तिथं.”

“बोला, तुमीबी बोला,” आई म्हणायची.

“मी कायले बोलू? मी त म्हंतो, मालिशचे पैसे दोघाइचे लावजो. फक्त त्याले हात-पाय नाहीत, तेल कमी लागन.”

आई हसली. पियुष गेल्यानंतर मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहिलं. तोंडावर लगेच पदर घेतला, चोरी केल्यासारखा.

मालिश आणि अंघोळ झाली की शेक. हे काम आईचं. शेगडीत गवरीचे इंगळ, त्यावर राखेचा पातळ थर, वर चिमूटभर ओवा. धूर उठला की आई आपले तळवे इंगळांवर धरायची आणि मग लेकीच्या पोटावर, छातीवर, पाठीवर दाबायची. किती गरम झालं हे तिच्या हाताला ठाऊक होतं. आधी स्वतःच्या गालाला लावून बघायची. मग तीच शेगडी माझ्या बाजेखाली सरकवायची, बाजेवरून गोधडी चहूबाजूंनी खाली सोडायची, वारं जायला फट म्हणून नाही. आतल्या उबेत मी आणि लेक दोघी गुडूप. माझा जन्म झाला तेव्हा असंच केलं होतं, पियुषच्या वेळीही. “तो आठव्यातच झाला होता,” आई सांगायची. “मांजराच्या पिल्लाएवढा. डॉक्टर म्हणे यवतमाळले न्या, काचेत ठेवा. कशानं नेता? म्या शेगडीवर वाचवला त्याले. एकवीस दिस हात थंडा होऊ देला नाही.”

नाताळ गेला आणि आमच्या ले-आउटमधल्या घरांची विजेची डीपी जळाली. सकाळी लाइट गेली ती आलीच नाही. वायरमन म्हणाला, उद्या. उद्या म्हणाला, दारव्ह्यावरून ट्रान्सफॉर्मर येऊन राह्यला. थंडी अशी की भांड्यातलं पाणी हाताला चावायचं. थर्मोस्टॅटवरचा आकडा विझला. मी पाणी गरम करून प्लास्टिकच्या बाटल्या भरायची, पियुषच्या जुन्या मोज्यांत घालायची आणि काउंटरच्या एका बाजूला ठेवायची. दोन तासांनी त्या थंड पडायच्या. दोन तासांनीच लेक उठायची. हिला पाजायचं, त्याच्या बाटल्या बदलायच्या. पहिला दिवस आणि पहिली रात्र गेली. दुसरा दिवस गेला. दुसऱ्या रात्री मला ताप भरला, छातीत दूध साकळून गाठी आल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे मी बाटल्या बदलल्या, लेकीला जवळ घेतलं आणि डोळे मिटले ते मिटलेच.

जागी झाले तेव्हा उंबऱ्यावर ऊन होतं. दहा तरी वाजले असतील. लेक शेजारी गाढ, गाल लाल. आई बाजेच्या कडेला चहा घेऊन बसली होती.

“बाटल्या!” मी उठू लागले.

“नीज,” आई म्हणाली. “म्या पाह्यलं त्याचं.”

“काय पाह्यलं?”

“तुले उठवलं नाही. म्हटलं किती जीव काढशीन, पोरीची माय तू. म्या गेलतो आत. लाडूले हात लावला.” तिनं त्याचं नाव घेतलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. “थंडागार. बर्फ. म्हटलं, लेकरू थंडं पडलं का आपून काय करतो? तेच केलं. दोघाइलेबी शेकलं मी आज.” आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे दोन-अडीच महिन्यांत आलं नव्हतं. काहीतरी जमल्यासारखं.

मागच्या खोलीत ओव्याचा वास होता.

काउंटरच्या पायांमध्ये, बरोबर मधोमध, शेगडी होती. वरून गोधडी चारी बाजूंनी जमिनीपर्यंत सोडलेली, कोपऱ्यातली फटही नीट खोचून बंद केलेली. मी गोधडी ओढली. पत्र्याला बोट लावलं आणि मागे घेतलं. लाडू गरम बाजूच्या खापराखाली नव्हता, थंड बाजूच्याही नव्हता. काचेच्या कोपऱ्यात, तोंड वर करून, जितका उभा राहता येईल तितका उभा होता. बाकीचं अंग भुसा सरकून उघड्या पडलेल्या पत्र्यावर.

“कोणी सांगतलं होतं तुले!” मी ओरडले. “कोणी सांगतलं होतं?”

आई दारात आली. “काहून? काय झालं?”

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या हातात माझ्या चहाचा कप तसाच होता.

“काही नाही,” मी म्हणाले. “थोडं जास्त गरम झालं.”

“पण हालून राह्यला नं?”

“हालून राह्यला.”

राजदीपनं फोनवर सांगितलं तसं केलं. भुसा काढून कोरे कागद अंथरले, लाडूला कोमट पाण्यात बुडवून काढलं, भाजल्यावर लावतात ती पांढरी ट्यूब लावली. गुरांच्या डॉक्टरांना आणलं, ते दारातूनच म्हणाले, “मॅडम, मी म्हशी पाह्यतो.” पहिल्या दिवशी पोटाचे खवले नुसते गुलाबी होते. मला वाटलं, वाचला. दुसऱ्या दिवशी तपकिरी झाले. चौथ्या दिवशी सुटायला लागले. राजदीपला फोटो पाठवला. रात्री त्यानं लिहिलं: “ताई, तुम्ही खूप केलं.”

लाइट शेगडीच्याच दिवशी दुपारी आली होती. शेगडी सकाळी, लाइट दुपारी. थर्मोस्टॅटवर एकतीसचा आकडा परत लागला आणि नीट दाखवत राहिला.

आईला मी खोलीत येऊ देत नव्हते. “त्याले आराम पायजे,” म्हणायची. ती दाराशी यायची, वाकून बघायची. एकदा वाटीत दूध घेऊन आली. साप दूध पीत नाही, हे पियुषनं तिला शंभरदा सांगितलं असेल. मी वाटी घेतली, बाजूला ठेवली, नंतर न्हाणीत ओतली.

नवव्या दिवशी सकाळी तो गेला. कागदावर सरळ पडला होता. मी त्याला वळवून गोल करायला बघितलं. झाला नाही.

माझा अजून सव्वा महिना व्हायचा होता, अंगणात जायची परवानगी नव्हती. आईनंच त्याला पियुषच्या जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळलं आणि कुदळ घेऊन मागे गेली. मी खिडकीतून तिची पाठच पाहू शकले. बराच वेळ वाकलेली होती. परत आली, हात-पाय धुतले, पदराला पुसले, आणि माझ्यासमोर खाली बसली. मी लेकीचं लंगोट बदलत होते.

“पायल,” ती म्हणाली. “थंडीनंच गेला नं तो?”

एक शब्द होता. हो. म्हणायला काही लागत नव्हतं. पण तिथे, बाजेखाली, शेगडी होती. मी लंगोटाची गाठ बांधली. सोडली, परत बांधली. मान वर केली नाही.

 आई उठली, शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन उपडी केली.

दुसऱ्या दिवशी बिजलीबाईंनी मालिश करून पोरीला आईसमोर धरलं. आईनं हात पुढे केले नाहीत.

“तुमीच शेका बाई.”

“मी? माह्या हाताले काय समजते तुह्या नातीचं? काहून, आजी रुसली का?”

“तुमीच शेका,” आई म्हणाली आणि आत गेली. त्यानंतर एकदाही तिनं माझ्या लेकीच्या अंगाला गरम हात लावला नाही. मांडीवर घेतलं तरी दुपट्यावरूनच. मी म्हणायची, आई, पोट दुखून राह्यलं तिचं, जरासं दाब. ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची. “माह्यानं होत नाही आता,” एवढंच.

सव्वा महिना झाला आणि प्रेम मला घ्यायला आले. निघताना आईनं डिंकाचे लाडू दिले, लेकीच्या कपाळाला लांबूनच ओठ लावले. घरात ती, तथागतांच्या तसबिरीशेजारी पियुषचा फोटो, आणि मागच्या खोलीत रिकामा काउंटर. काउंटर घेऊन जाईन असं राजदीप म्हणाला होता. अजून आला नाही.

इथे पुसदला लेक झोपली की मी फोन करते. बोलतो आम्ही. पोरगी किती हसते, कापसाला काय भाव निघाला, शाळेत किती पोट्टे आले. गेल्या मंगळवारी मी हिंमत केली. दीड महिना मनात घोळवलेलं वाक्य होतं.

“आई, तू तेव्हा इचारलं होतं ना. तो थंडीनंच गेला. राजदीपबी तसंच म्हणे. दोन दिवस लाइट नव्हती, तेव्हाच त्याचं संपलं होतं. तू शेकलं त्यानं काही झालं नाही.”

पलीकडे शाळेचा आवाज होता, पळ्यांचा, पोरांचा. 

“म्या पाह्यलं होतं पायल,” ती म्हणाली. “खड्ड्यात ठेवताना टॉवेल सुटला आन् तो उलटा झाला. पोट पाह्यलं म्या त्याचं.”

“आई...”

“माहीत होतं मले. माहीत होतं म्हनूनच इचारलं. म्हटलं, तू हो म्हणशीन.”

मी लेकीच्या दुपट्याची घडी घातली, सोडली, परत घातली. 

“ठेवतो बाई,” आई म्हणाली. “पोट्टे ताटं घेऊन बसले.”